एकाच रानात वर मुरूम आणि खाली काळी, असं का? माती होते तरी कशी?

सीनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात सीनेपासून थोडं अलीकडे आमचं कोरडवाहू रान आहे. रान एकसलग, पण उताराला. वरचं टोक माळाला लागून, खालचं ओढ्याला. वर कुळव धरला की पास दगडावर खरखरते. खाली उन्हाळ्यात भेगेत कोपरापर्यंत हात जातो. यंदा ज्वारी एकाच दिवशी, एकाच पाभरीनं, एकाच पिशवीतली पेरली. खालची डोक्यावर गेली. वरची मांडीलाही लागली नाही, आणि पोटरीत येण्याआधीच पानं करपली.

तात्या (वडील) म्हणतात, तलावातला गाळ आणून वर टाकू, तेही रान काळं होईल. अण्णा (चुलते) म्हणतात, पैसे घालून गाळ आणा आणि पहिल्या वळवात ओढ्याला लावा. गाळवाला दिवसाआड फोन करतो. घरात मी शिकलेला, म्हणून निकाल मी द्यायचा. मी शिकलोय कॉम्प्युटर.

तर मुळापासून सांगा. माती होते कशी, तिच्यात असतं काय, आणि एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत ती इतकी बदलते कशी? नुसत्या लिंका टाकू नका, दोन ओळी लिहा.

शेंगाचटणी

पहिला! काय सांगलालास बे, अण्णा बरोबर बोललालेत. भाकरी घेऊन बसलोय, जाणकारांनी चालू करा.

भूगर्भी

दगडापासून सुरुवात करावी लागेल, थोडा धीर धरा.

सोलापूर जिल्ह्याखाली जिकडे खणाल तिकडे बेसॉल्ट आहे, आपला काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग वर दुसरा थर, त्यावर तिसरा. दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. विहीर खणणाऱ्यांना तो चांगला माहीत असतो. वरचा लाव्हा यायच्या आधी खालच्या दगडाची झीज होऊन झालेली ती माती, वरून भाजली गेलेली. म्हणजे लाव्हा यायचा थांबण्याआधीच इथे माती व्हायला लागली होती.

या दगडात मुख्यतः दोन खनिजं: प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन. त्याशिवाय मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, ज्यात टायटॅनियमही असतं. फेल्डस्पारमध्ये कॅल्शियम आणि सोडियम, पायरॉक्सिनमध्ये लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम. ग्रॅनाइटमध्ये भरपूर असतं ते क्वार्ट्झ इथे जवळपास नसतंच. क्वार्ट्झ कुजत नाही, त्याची वाळूच राहते. आपल्या दगडातली मुख्य खनिजं मात्र कुजणारी आहेत, म्हणून शेवटी उरते ती चिकणमाती.

कुजतं कसं? आधी फुटतं. दिवसा तापणं, रात्री निवणं, दगडाला मुळातच असलेल्या चिरा, त्यात शिरणारं पाणी, पिंपळ-बाभळीची मुळं. मसाल्यात घालतो ते दगडफूल असतं ना, त्याच प्रकारचे जीव माळावरच्या उघड्या दगडावर करडे-हिरवे डाग होऊन बसलेले दिसतील. त्यांच्यातून पाझरणारी आम्लं दगडाचा पृष्ठभाग खात असतात. पण खरं काम पाण्याचं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, मातीत शिरल्यावर मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला आणखी मिळतो, आणि ते पाणी किंचित आंबट होतं. हे सौम्य आम्ल फेल्डस्पारला लागलं की त्यातलं कॅल्शियम, सोडियम सुटं होतं आणि उरलेल्या सिलिका-ॲल्युमिनाची नवी रचना बसते. ती रचना म्हणजे चिकणमातीचं खनिज. म्हणजे माती हा दगडाचा नुसता भुगा नव्हे. वरवंट्यानं दगड कितीही कुटला तरी त्याची काळी माती होणार नाही.

रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे थांबून बघा. मोठ्या गोलसर दगडाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात, बाहेरचा पापुद्रा हातानं चुरतो आणि आतला गाभा घणानं फुटत नाही. तो बाहेरचा चुरा म्हणजे मुरूम. तुमच्या रानाच्या वरच्या टोकाला हेच काम अर्ध्यावर आहे.

कोकणकडा

रत्नागिरीकर बोलतोय. दगड आमच्याकडेही तोच की. मग आमची माती तांबडी आणि खाली जांभा, तुमची काळी आणि खाली चुनखडी, असं का?

भूगर्भी

मोक्याचा प्रश्न. दगड एकच, पाऊस वेगळा.

तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या पुढे. एवढं पाणी दरवर्षी मातीतून खाली गेलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम तर वाहून जातंच, हजारो-लाखो वर्षांत सिलिकाही जाते. उरतं ते लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजतं, म्हणून तांबडं. तोच तुमचा जांभा.

सोलापुरात पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही सालागणिक मागे-पुढे. दगडातून सुटलेलं सगळं इथेच घोटाळतं. सिलिका आहे, मॅग्नेशियम आहे, कॅल्शियम आहे, अशा ठिकाणी स्मेक्टाइट नावाचं चिकणखनिज तयार होतं. याच्या पातळ थरांच्या मधे पाणी शिरतं, थर एकमेकांपासून लांब सरकतात, माती फुगते. पाणी गेलं की आकसते आणि भेगा पडतात. कॅल्शियम थोडं खाली झिरपतं, पण पाऊस संपला की तिथेच थबकतं आणि चुन्याचे खडे होऊन बसतं. खणल्यावर दोन-तीन फुटांवर लागतात ते पांढरट खडे हेच.

रशियात दोकुचायेव नावाचा शास्त्रज्ञ होऊन गेला, त्यानं १८८३ मध्ये तिकडच्या काळ्या मातीवर लिहिताना हाच मुद्दा मांडला, की मातीला फक्त खालचा दगड घडवत नाही. हवामान, जीवजंतू-झाडोरा, जमिनीचा चढउतार आणि काळ हेही घडवतात. पुढे हान्स जेनीनं १९४१ मध्ये तेच पाच घटक सूत्रासारखे लिहिले. सीनाकाठ, तुमच्या रानात यातले चार सारखे आहेत. दगड तोच, पाऊस तोच, गवत-पीक तेच, वर्षंही तितकीच. बदलतो तो एकच, उतार.

सीनाकाठ

म्हणजे वरची माती वाहून खाली गेली, एवढंच?

भूगर्भी

बरीचशी तशीच, पण एवढंच नाही. उतारावर पाऊस पडला की पाणी थांबत नाही. पाणी थांबत नाही म्हणून दगड कमी कुजतो. जेवढा कुजतो त्यातला बारीक भाग पाण्याबरोबर निघून जातो, जाड खडे मागे राहतात. खाली उलटं. वरून आलेलं पाणी मुरतं, त्यात विरघळून आलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळतं, बारीक गाळ साचतो, आणि साचलेल्या गाळातही कुजणं चालूच राहतं. म्हणून तुमच्या ओढ्याकाठच्या काळीत माळावरून आलेली माती आहे आणि जागेवर घडलेलीही. भीमा-सीनेच्या खोऱ्यातली खोल काळी रानं बहुतेक अशीच झालेली.

वेळेचंही सांगतो. इंचभर माती व्हायला शेकड्यांनी वर्षं लागतात, आपल्यासारख्या कोरड्या मुलखात आणखी जास्त. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेतल्या अभ्यासकांचं म्हणणं तर असं, की दख्खनच्या काळ्या मातीत जेवढं स्मेक्टाइट आहे तेवढं आजच्या पावसात तयार होऊच शकत नाही. ते मागच्या एका जास्त ओल्या हवामानातलं आहे, हवा कोरडी झाली ती नंतर. मला हे पटतं. म्हणजे खालच्या टोकाला जी माती आहे ती आजच्या हवेत पुन्हा होणारी नाही.

कडकभाकरी

मंगळवेढ्याकडचा आहे. पुस्तकातलं भूगर्भी सरांनी सांगितलं, रानातलं मी सांगतो.

आमच्या भागात खरिपाला रान मोकळं ठेवतात. बाहेरचा माणूस विचारतो, पावसाळ्यात रान पडीक का? पडीक नसतं हो, पाणी पीत असतं. मृगात-आर्द्रात भेगांतून पाणी सरळ खाली जातं, मग माती फुगून भेगा मिटतात, मग वरून हळूहळू मुरतं. मधूनमधून कुळवाच्या पाळ्या घालायच्या. हत्तीचा पाऊस झाला, वाफसा आला की ज्वारी पेरायची. पुढे थेंब नाही पडला तरी ज्वारी थंडीवर आणि त्या मुरलेल्या ओलीवर निघते. मीटरभर खोल काळी असेल तर पिकाला घेता येईल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी धरते. तुमच्या वरच्या टोकाला सहा-आठ इंच माती असेल तर ती धरून धरून किती धरणार? ज्वारी करपली ती खतावाचून नाही, ओलीवाचून.

सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, आणि मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात तर तुमच्या मोहोळच्याच केंद्रावर निवडलेली. पण ती हलक्या रानाची नव्हे. खोली बघून वाण घ्यायचं असतं. हलक्याला फुले अनुराधा, फुले माउली. मध्यमाला मालदांडी, फुले सुचित्रा. भारीला फुले वसुधा, फुले यशोदा. एका पिशवीतली दोन्हीकडे पेरली म्हणता, तिथेच निम्मा हिशेब आला.

शेंगाचटणी

अवांतर: आमच्या आजोळी माळवदाचं (मातीच्या सपाट छपराचं) घर होतं. दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती टाकायचे, ती गावाजवळच्या जुन्या पांढरीतून आणायचे. रानात एवढी काळी पडलेली, ती का नाही टाकत म्हणून विचारलं की शिव्या खायचो. आज कळलं. काळी टाकली असती तर उन्हाळ्यात भेगा आणि पहिल्या पावसात पातेली मांडा घरभर.

कडकभाकरी

बरोबर. आणि काळ्या रानात रोवलेला कुंपणाचा खांब दोन-चार वर्षांत तिरका होतोच. घराचा पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा तो यासाठीच.

भूगर्भी

खांब तिरका होण्यामागे गंमत आहे. भेग पडली की वरची भुसभुशीत माती आत पडते. पाऊस आला की खालची माती फुगते, पण आत आधीच भर पडलेली, जागा पुरत नाही, म्हणून मातीचे मोठे गठ्ठे एकमेकांवर तिरके घसरतात. खोल खड्डा घेतला तर दोन फुटांच्या खाली गुळगुळीत, चकाकणारे तिरपे पृष्ठभाग दिसतात, हातानं ढेकूळ मोडलं तरी त्याच पृष्ठावर सुटतं. काळी माती अशी स्वतःच स्वतःला हळूहळू घुसळते.

प्रयोगवही

माती परीक्षणाच्या कामात आहे, म्हणून 'मातीत असतं काय' हा भाग माझ्याकडे घेते.

पुस्तकात आदर्श मातीचं चित्र असतं: आकारमानानं ४५ टक्के खनिज कण, ५ टक्के सेंद्रिय पदार्थ, २५ टक्के पाणी, २५ टक्के हवा. म्हणजे हातात घेतलेल्या ढेकळात निम्मी पोकळीच. त्या पोकळीत कधी पाणी जास्त, कधी हवा. दोन्ही बेताचं असलं की त्याला आपण वाफसा म्हणतो. काळ्या रानात सलग झड लागली की पीक पिवळं पडतं, कारण पोकळीतली हवा संपते आणि मुळं गुदमरतात.

खनिज कण आकारावरून मोजतात. २ मिलिमीटरपर्यंतची वाळू, त्याखाली पोयटा, आणि ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक ते चिकण. खोल काळ्या मातीत चिकण ४० ते ६० टक्के, कधी त्याहूनही जास्त. आता हे बघा: एक ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचं आतलं-बाहेरचं सगळं पृष्ठफळ सहाशे ते आठशे चौरस मीटर भरतं. एका ग्रॅमला सहा ते आठ गुंठे! पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायला एवढी जागा. कोकणातल्या मातीत मुख्य असतं ते केओलिनाइट, त्याला ग्रॅममागे दहा-वीस चौरस मीटरच.

आता लोकांचा एक लाडका गैरसमज. काळी माती म्हणजे सेंद्रिय पदार्थांनी भरलेली, असं धरून चालतात. युक्रेनची काळी माती ह्यूमसमुळे (पूर्ण कुजलेल्या पालापाचोळ्यामुळे) काळी आहे, आपली नाही. आपल्याकडे थोडासाच ह्यूमस असतो, पण तो चिकणकणांना घट्ट बिलगलेला असतो, आणि जोडीला टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट. म्हणून रंग गडद. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत सेंद्रिय कर्ब (कार्बन) अर्ध्या टक्क्याखालीच असतो बहुतेक वेळा. नत्र, स्फुरद कमी, पालाश भरपूर, चुन्यामुळे जस्त आणि लोह पिकाला मिळत नाही. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोक युरिया फेकतात, आणि तिथे दुखणं लोहाचं असतं.

सीनाकाठ

मग सेंद्रिय कर्ब वाढवायचा तर शेणखत किती टाकू?

प्रयोगवही

आकडा ऐकून दचकू नका. एकरभर रानाची वरची सहा इंच माती अंदाजे नऊ लाख किलो भरते. त्यात कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे नऊशे किलो कर्ब मातीत *टिकला* पाहिजे. शेणखतात पाणीच किती असतं, आणि आपल्या उन्हात टाकलेल्यापैकी बराचसा भाग काही महिन्यांत कुजून हवेत जातो. म्हणून एका वर्षात कर्ब वाढला असं सांगणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. खत टाकाच. धसकटं जाळू नका, हुलगा-मटकीसारखं कडधान्य फेरपालटात ठेवा. पण फरक कागदावर दिसायला वर्षं जातात.

उगाचकाहीतरी

पहिल्या पावसाचा मातीचा वास, तो पण चिकणमातीचा का?

प्रयोगवही

नाही, तो जिवाणूंचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसीससारखे जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. कोरड्या मातीवर थेंब आदळला की त्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि नाकाला येतात. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. माती 'निर्जीव' झाली असं जे बोलतात ते फार सैल बोलणं आहे. जीव असतात, त्यांना खायला नसतं.

सीनाकाठ

मुख्य प्रश्नाकडे या मंडळी. गाळ. गाळवाला म्हणतो चार इंच थर द्या, रान पालटतं.

कडकभाकरी

हिशेब घाला ना. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा. झाले १४,५२० घनफूट. ब्रास शंभर घनफुटाचा, म्हणजे एकराला १४५ ब्रास. गाळ फुकट मिळाला तरी भरणं, वाहणं, पसरणं याचे पैसे पडतातच. गाळवाल्याला विचारा, चार इंच म्हणताना ट्रॉल्या किती धरल्यात. माझा अंदाज, तो सांगतो त्यात दीड इंचही बसायचा नाही.

गाळप्रेमी

एवढं घाबरवू नका हो. आम्ही तलावातला गाळ टाकला, मुरमाड रानाला चांगला फरक पडला. सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहे, ती उगाच का? तलावात साठलेली माती ही रानातूनच गेलेली, परत आणली तर वाईट काय?

भूगर्भी

वाईट काही नाही, तत्त्व योग्यच आहे. गाळात चिकण असतं, हलक्या रानाची पाणी धरायची ताकद वाढते. दोन अटी. पहिली, माती ज्या वाटेनं खाली गेली ती वाट आधी बंद करा. बांध फुटके, ताली ढासळलेल्या आणि वर गाळ, म्हणजे अण्णा म्हणतात तेच होणार. उताराला आडवी मशागत, आडवी पेरणी, बांधावर गवत हे आधी. दुसरी, गाळ नुसता पसरून ठेवू नका. मुरमावर चिकण थर तसाच राहिला तर भेगा पडून तुकडे होतात आणि पाणी त्याखाली नीट जात नाही. नांगरून वरच्या मातीत मिसळा.

प्रयोगवही

तिसरी अट माझी. आणण्याआधी गाळाची चाचणी करा. तलावात वर्षानुवर्षं पाणी आटत आलेलं असतं, क्षार साठलेले असू शकतात. सामू (पीएच) आणि क्षारता एवढं बघितलं तरी पुरे.

माळढोक

माझं थोडं उलट म्हणणं. हलकं रान म्हणजे रोगी रान, त्याला बरं करायचं, ही दृष्टीच मला खटकते. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मधलं, तिथला माळ बघा. वीतभर माती, खाली मुरूम. त्यावर जे गवत येतं ते खोल काळीवर येत नाही, आणि त्या गवतावर किडे, सरडे, पक्षी, काळवीट, लांडगे सगळी साखळी उभी आहे. पातळ माती ही बिघडलेली काळी माती नाही, ती वेगळी माती आहे. तिच्यावर १४५ ब्रास ओतून तिला काळी करण्याचा हट्ट कशाला?

कडकभाकरी

हे मात्र शंभर टक्के. सांगोल्याकडे जाऊन बघा. मुरमाड, चुनखडीची रानं, ज्याला पूर्वी कुणी विचारत नव्हतं, त्यावर डाळिंब उभं राहिलं. डाळिंबाला पाण्याचा निचरा लागतो. भारी काळीत लावलं की मुळाशी पाणी थांबतं आणि मर लागते. आता सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. भारी रानाचा माणूस मुरूम नसल्याची हळहळ करतो अशीही वेळ आली.

आणि काळीचा माज पण नको. उजनीचं पाणी आल्यावर भारी रानात ऊस, पाट मोकळा सोडलेला. खालच्या पट्ट्यातली रानं खारवट आणि चोपण होत गेली. ज्या गुणानं काळी पाणी धरते त्याच गुणानं ती निचरा होऊ देत नाही.

सीनाकाठ

चोपण म्हणजे नक्की काय होतं मातीत? आमच्याकडे खाली ओढ्याजवळ एक तुकडा आहे, पाऊस पडला की चिखल साबणासारखा लागतो आणि वाळला की कुदळ लागत नाही.

प्रयोगवही

वर्णन तंतोतंत चोपणाचं आहे. चिकणकणांवर कॅल्शियम बसलेलं असलं की कण एकमेकांना धरून रवाळ घडण होते. त्या जागी सोडियम बसलं की कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात विरघळल्यासारखे पसरतात आणि पोकळ्या बुजवतात. पाणी वर साचतं, खाली मुरत नाही. अदलाबदल होणाऱ्या सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर आणि सामू साडेआठच्या पुढे गेला की चोपण म्हणतात. उपाय म्हणजे सोडियमला हटवायला कॅल्शियम द्यायचं, आणि हटलेलं सोडियम धुऊन न्यायला चर. चर नसेल तर बाकी सगळा खर्च वाया. बाजारात जिप्सम मिळतं. पण रानात चुनखडी आधीच असेल तर गंधकही चालतं. गंधकापासून मातीत आम्ल होतं, ते चुनखडीतलं कॅल्शियम मोकळं करतं. किती टाकायचं ते चाचणीवरून. दुकानदाराला विचारून नको.

भूगर्भी

आणि हे फक्त कालव्यानं होत नाही बरं का. मघाशी नागपूरच्या अभ्यासाचं लिहिलं त्याचाच पुढचा भाग. कोरड्या हवेत कॅल्शियम चुनखडी होऊन बसत गेलं की चिकणकणांवर सोडियमचा वाटा आपोआप वाढतो. म्हणून कोरडवाहू काळ्या रानातही खालचा थर हळूहळू घट्ट होत जातो.

सीनाकाठ

रविवारी गावाला जाऊन आलो. वर, मध्ये आणि खाली खड्डे घेतले, तात्या आणि अण्णा दोघेही काठावर उभे होते.

वर आठ इंचांवर मुरूम, त्याखाली पापुद्रे सुटलेले दगड. मध्ये दीड फूट करडी-काळी माती, मग पांढरट खड्यांचा थर. त्यावर लिंबू पिळला, फसफसलं. खाली चार फूट खणलं तरी काळीच. अडीच फुटांखाली ते चकाकणारे तिरपे पृष्ठ अगदी स्पष्ट दिसले, अण्णा म्हणाले हे तर विहीर खणताना पण बघितलंय.

मग प्लॅस्टिकच्या बाटल्यांत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर घालून भरपूर हलवून ठेवलं. वरच्या मातीच्या बाटलीत मिनिटाभरात खाली बोटभर जाड खडी-वाळू बसली आणि संध्याकाळपर्यंत पाणी बरंचसं निवळलं. खालच्या मातीच्या बाटलीत तळाला रेघभर वाळू, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच. तात्यांनी ती बाटली उचलून उजेडात धरली आणि विचारलं, एवढंच चिकण वर पाहिजे ना, मग आणू की गाळ?

सध्याचा तह असा: यंदा उन्हाळ्यात बांध आणि ताली नीट करायच्या. गाळ फक्त मधल्या पट्ट्याच्या वरच्या कडेला, अर्धा एकर, तोही चाचणी करून. अगदी वरच्या टोकाला हुलगा-मटकी. बांधाला सीताफळ लावायचं अण्णांच्या मनात आहे, तात्यांना तिथे डाळिंब हवंय. खाली मालदांडीऐवजी वसुधा.

माळढोक

वरच्या टोकाचा थोडा तुकडा गवताला सोडा की. बैलं असतील तर वैरणही होईल.

सीनाकाठ

बैलं नाहीत आता, पण दोन म्हशी आहेत. विचारतो घरी.

प्रयोगवही ताई, नमुना कसा घ्यायचा तेवढं सांगा. कृषी सेवावाला म्हणाला, कुठूनही मूठभर आणा.

प्रयोगवही

कुठूनही मूठभर नको. वर, मध्ये, खाली असे तीन वेगळे नमुने करा, एकत्र मिसळू नका. तसं केलंत तर जे रान तुमच्याकडे नाहीच त्याचा अहवाल हातात येईल. चोपण तुकड्याचा चौथा. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. बांधालगत, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी, नुकतं खत टाकलेल्या ठिकाणी नाही. सगळी माती गोणपाटावर मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत जा. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी खुरपं वापरू नका, लाकडी काठी घ्या. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा, चिठ्ठीवर गट नंबर, मागचं पीक आणि मातीची खोली लिहा. खताच्या रिकाम्या पिशवीत आणू नका, निम्मे लोक तेच करतात.

शेंगाचटणी

आणि गाळवाल्याचा फोन आला की त्याला १४५ ब्रासचा हिशेब सांग बे. काय म्हणतो ते इथे लिही.